‘नक्की’, ‘खरंच’, ‘मनापासून’ इंग्रजीत कसं म्हणायचं? बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली मराठी माध्यमाची दहावीची मुलं, पीयूसीला (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला) गेल्यावर एकदम इंग्रजीत शिकावं लागणारे विद्यार्थी आणि पुण्या-बेंगळुरूला मुलाखतीसाठी निघालेली तरुण पोरं-पोरी मला इंग्रजीबद्दल काही ना काही विचारत असतात. त्यात खरेपणा, खात्री आणि प्रामाणिकपणा सांगणाऱ्या शब्दांचे प्रश्न सतत येतात. ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत, म्हणजे वाचता वाचता मोठ्याने म्हणता येतील. तसे म्हणाच.

१. हे सगळे शब्द वेगळे कशाला शिकायचे? सगळ्यांचा अर्थ ‘खरोखर’च ना?

नाही. व्याकरणात सगळे ‘ॲडव्हर्ब’ म्हणून एकाच खान्यात बसतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. सर्टनली, डेफिनेटली, प्रॉबेबली, परहॅप्स हे शब्द बोलणाऱ्याला किती खात्री आहे ते सांगतात. रिअली, ट्रूली, ॲक्च्युअली, लिटरली यांतून गोष्ट प्रत्यक्षात कशी आहे ते कळतं. ऑनेस्टली, फ्रँकली हे बोलणाऱ्याच्या मनाबद्दल असतात: मी आडपडदा न ठेवता बोलतोय. आणि ॲपॅरंटली, एव्हिडंटली, ऑबव्हियस्ली म्हटलं की ही गोष्ट मला कशावरून कळली याचा पत्ता लागतो.

यातलं कुठलं काम करायचं आहे ते आधी ठरवा, मग शब्द आपोआप सापडतो. वहीत ‘सर्टनली = खरोखर, रिअली = खरोखर, ट्रूली = खरोखर’ अशा ओळी लिहिल्या असतील तर त्या खोडून टाका. पुढचे निम्मे घोटाळे त्या ओळींतूनच होतात.

२. सर्टनली, डेफिनेटली, शुअरली: तिन्ही म्हणजे ‘नक्की’. कुठलाही वापरला तर चालेल का?

पहिले दोन बऱ्याचदा चालतात. सर्टनली थोडा औपचारिक आहे आणि ‘माझ्याकडे आधार आहे’ असं सुचवतो. डेफिनेटली बोलण्यातला, ठाम, ‘ठरलं म्हणजे ठरलं’ या सुराचा.

शुअरली मात्र फसवा आहे. दिसायला सर्वांत पक्का, पण तो बोलणाऱ्याचं ज्ञान सांगत नाही, अपेक्षा सांगतो. ‘शुअरली यू नो हिम’ म्हणजे ‘तू त्याला ओळखतोसच ना?’ त्यातला ‘ना’ महत्त्वाचा. मिरजेकडे जाणारी गाडी घटप्रभेला थांबते का, असं कुणी विचारलं आणि तुम्हाला माहीत असेल, तर ‘इट सर्टनली स्टॉप्स देअर’ म्हणा. ‘शुअरली इट स्टॉप्स देअर’ म्हणालात तर त्याचा अर्थ ‘थांबत असेलच की, थांबायला नको का?’ असा होतो. विचारणारा आणखी गोंधळेल.

मुलाखतीत ‘सोमवारपासून कामावर येऊ शकाल का?’ असं विचारलं तर ‘सर्टनली’ किंवा ‘डेफिनेटली’ म्हणा. नुसतं ‘शुअर’ही चालतं, तो अमेरिकी बोलीतला सहज होकार आहे.

आणखी एक. आपलं ‘नक्की’ दोन कामं करतं. ‘नक्की येतो’ मधलं नक्की म्हणजे डेफिनेटली, पण ‘नक्की काय झालं?’ मधलं नक्की म्हणजे एक्झॅक्टली: ‘व्हॉट एक्झॅक्टली हॅपन्ड?’ तिथे डेफिनेटली घातलं की वाक्य मोडतं.

३. घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी. तीन भाषांमुळे गोंधळ होतो. काय करायचं?

गोंधळ होतो हे खरं, पण या विषयात तुमच्याकडे इतरांपेक्षा जास्त भांडवल आहे. इंग्रजीला ज्यासाठी वेगळा शब्द लागतो, ते मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा क्रियापदाच्या शेपटीत सांगून टाकतात. ‘तो आला म्हणे’ ला कन्नडात ‘बंदनंते’. ‘म्हणे’ आणि ‘अंते’ दोन्हींचं काम एकच: मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. इंग्रजीत अशी शेपटी नाही, म्हणून ‘ॲपॅरंटली ही हॅज कम’ म्हणावं लागतं (प्रश्न १० बघा).

‘खरंच?’ ला कन्नड ‘निजवागलू?’ आणि इंग्रजी ‘रिअली?’. ‘नक्की’ ला कन्नड ‘खंडित’. इथे मराठी कान दचकतो, कारण आपल्याकडे खंडित म्हणजे तुटलेलं. पण शेजारचा कन्नड मित्र ‘खंडित बर्तीनि’ म्हणतो तेव्हा तो पक्कं वचन देत असतो. ते ‘आय विल डेफिनेटली कम’ आहे, बेत मोडल्याचा निरोप नव्हे.

राहिला आपला ‘की’. ‘येतो की’, ‘माहीत आहे की’, ‘होय की’. याला इंग्रजीत शब्द शोधत बसू नका. इंग्रजी माणूस तिथे आवाजाने काम भागवतो. ‘आय विल कम’ मधल्या ‘विल’ वर जोर दिला की ‘येतो की’ झालं. ‘आय नो हिम’ ऐवजी ‘आय डू नो हिम’ म्हणून ‘डू’ वर जोर दिला की ‘ओळखतो की’ झालं. माझ्या मते ही एक गोष्ट जमली तरी इंग्रजी बोलणं एकदम जिवंत वाटायला लागतं.

४. आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. मग भाषांतर करताना ‘ट्रूली’ लिहायचं की ‘बट’?

‘बट’. ‘मी येणार होतो, खरं पाऊस लागला’ हे वाक्य बेळगाव-चंदगडकडे कुणीही म्हणेल. त्याचं इंग्रजी: ‘आय वॉज गोइंग टू कम, बट इट स्टार्टेड रेनिंग.’ बोलीतलं ‘खरं’ इथे खरेपणाचं काम करतच नाही, दोन वाक्यं जोडण्याचं करतं. बोलीत लाजण्यासारखं काही नाही, घरी तसंच बोला. इंग्रजीत जाताना फक्त तो शब्द काय काम करतोय ते बघा.

‘खरं तर’ म्हणायचं असेल तर ॲक्च्युअली (प्रश्न ८). ‘हुशार आहे खरा, पण आळशी’ असं असेल तर नो डाउट (प्रश्न १६).

५. हा शब्द वाक्यात नेमका कुठे बसवायचा?

मराठीत ‘तो नक्की येईल’, ‘नक्की येईल तो’, ‘येईल तो नक्की’ सगळं चालतं. इंग्रजी इतकी मोकळीक देत नाही. नेहमीची जागा तीन नियमांत सांगता येते.

मुख्य क्रियापद एकटंच असेल तर त्याच्या आधी: ‘शी प्रॉबेबली नोज.’ इज, आर, वॉज असेल तर त्याच्या नंतर: ‘शी इज प्रॉबेबली ॲट होम.’ विल, हॅज, कॅन असं सहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मध्ये: ‘शी विल सर्टनली पास.’ सहाय्यकं दोन असतील तर पहिल्यानंतर: ‘शी विल प्रॉबेबली हॅव लेफ्ट.’

मेबी आणि परहॅप्स साधारणपणे वाक्याच्या सुरुवातीला येतात: ‘मेबी शी नोज.’ ऑनेस्टली आणि फ्रँकली सुरुवातीला येतात तेव्हा त्यांच्यानंतर स्वल्पविराम हवा. तो विसरला तर काय होतं ते प्रश्न १२ मध्ये आहे.

६. ‘आय विल नॉट प्रॉबेबली कम’ का चुकतं? नियमाप्रमाणेच तर लिहिलं.

नकार आला की जागा बदलते. प्रॉबेबली, सर्टनली, डेफिनेटली हे नकाराच्या आधी येतात: ‘आय प्रॉबेबली वोन्ट कम’, ‘आय डेफिनेटली डिडन्ट से दॅट.’ कारण सोपं आहे. खात्री नकाराबद्दलची आहे, म्हणून ती नकाराला बाहेरून कवेत घेते. बहुतेक काय? तर बहुतेक येणार नाही.

एका शब्दाच्या उत्तरातही तसंच: ‘प्रॉबेबली नॉट’, ‘सर्टनली नॉट’, ‘डेफिनेटली नॉट’. ‘नॉट प्रॉबेबली’ कुणी म्हणत नाही. ‘नॉट रिअली’ मात्र म्हणतात, पण त्याचा अर्थ वेगळा आहे, तो पुढच्या उत्तरात.

७. ‘आय रिअली डोन्ट नो’ आणि ‘आय डोन्ट रिअली नो’ एकच ना?

अजिबात नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं, कारण त्याचा कान जागा आहे.

‘आय रिअली डोन्ट नो’ म्हणजे ‘खरंच माहीत नाही हो’. नकार पक्का. ‘आय डोन्ट रिअली नो’ म्हणजे ‘तसं नीट माहीत नाही’. नकार मऊ. रिअली नकाराच्या बाहेर असेल तर नकाराला जोर देतो, आत असेल तर त्याची धार काढतो. ‘आय रिअली डोन्ट लाइक कुंदा’ म्हणजे कुंदा मुळीच आवडत नाही. ‘आय डोन्ट रिअली लाइक कुंदा’ म्हणजे फारसा आवडत नाही, पण आग्रह केलात तर एक चमचा घेईन. म्हणून ‘नॉट रिअली’ हा इंग्रजीतला सभ्य नकार आहे: ‘तसं काही नाही.’

रिअलीचं दुसरं काम ‘फार’ म्हणण्याचं: ‘रिअली गुड’, ‘रिअली टायर्ड’. आणि तिसरं एकट्याने येऊन प्रश्न विचारण्याचं. तिथे सूर सांभाळा. आवाज वर गेला की ‘हो का! खरंच?’ असं कौतुक होतं. सपाट राहिला की ‘मला पटत नाही’ असं ऐकू येतं. फोनवर वरिष्ठांशी बोलताना सपाट ‘रिअली’ टाळलेला बरा.

८. ॲक्च्युअलीने वाक्य सुरू केलं तर काय बिघडतं? सगळेच करतात.

बिघडतं ते असं. ॲक्च्युअलीचं मूळ काम दुरुस्ती करणं आहे. समोरच्याच्या मनात काही समजूत आहे आणि प्रत्यक्ष त्यापेक्षा वेगळं आहे, तेव्हा तो येतो. ‘तुम्ही कोल्हापूरचे का?’ ‘ॲक्च्युअली, आय ॲम फ्रॉम निपाणी.’ इथे तो चपखल बसला. ‘वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं’ यासाठी ‘इट वॉज ॲक्च्युअली ईझी’ हेही बरोबर.

पण ‘गुड मॉर्निंग सर, ॲक्च्युअली माय नेम इज…’ या वाक्यात काय दुरुस्त होतंय? साहेबांच्या मनात तुमचं दुसरं नाव होतं का? आपल्याकडे हा शब्द बोलण्यापूर्वीचा श्वास झाला आहे. रजा मागताना, उशिरा आल्याचं कारण देताना, पैसे परत मागताना, दर वेळी आधी ॲक्च्युअली. भारतीय कानाला सवय आहे म्हणून खपतं. परदेशी ग्राहकाशी बोलणाऱ्याला मात्र हा शब्द आवरावाच लागतो, कारण ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्यात आपली चूक काढल्यासारखं वाटू शकतं.

उपाय: बोलण्याआधी क्षणभर गप्प राहा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात मुलाखत देताना तो क्षणभराचा विराम विचार केल्यासारखा दिसतो, आणि तसा तो असतोही.

९. ‘ऑफ कोर्स’ म्हणालो आणि मॅडमना राग आला. ‘अर्थातच’ म्हणणं उद्धट आहे का?

प्रश्न कसला होता त्यावर आहे. मदत मागितली असेल तर ‘ऑफ कोर्स’ हे अत्यंत प्रेमळ उत्तर आहे. ‘मे आय बॉरो युअर पेन?’ ‘ऑफ कोर्स.’ पण माहिती विचारली असेल तर तेच उत्तर टोचतं. ‘डज धिस बस गो टू खानापूर?’ ‘ऑफ कोर्स’ म्हणजे ‘एवढंही कळत नाही का?’ तिथे ‘येस, इट डज’ एवढंच पुरे.

ऑबव्हियस्ली तर त्याहून धारदार. ‘उघड आहे’ असं म्हणताना ज्याला ते उघड दिसत नव्हतं तो आपोआप मूर्ख ठरतो. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या उत्तरात ‘ऑबव्हियस्ली’ लिहिण्यापेक्षा ती पायरी करून दाखवावी.

१०. ॲपॅरंटली म्हणजे ‘उघडपणे, स्पष्टपणे’ ना? कोशात तसं दिलंय.

जुना अर्थ तो होता, आज तो जवळजवळ उरलेला नाही. आज ॲपॅरंटली म्हणजे ‘म्हणे’ किंवा ‘असं दिसतंय’. ‘ॲपॅरंटली, द ऑफिस इज क्लोज्ड टुडे’ म्हणजे ‘आज ऑफिस बंद आहे म्हणे’. बोलणारा हमी घेत नाही. आपल्याला ‘स्पष्टच आहे’ म्हणायचं असतं आणि आपण ॲपॅरंटली लिहितो, म्हणजे नेमका उलटा परिणाम होतो.

‘स्पष्टच आहे’ साठी क्लिअरली घ्या. दिसणाऱ्या खुणांवरून निष्कर्ष काढला असेल तर एव्हिडंटली: अंगण ओलं आहे, छपरावरून थेंब पडताहेत, ‘इट हॅज एव्हिडंटली रेन्ड.’ पावसाची बातमी शेजारणीकडून आली असेल तर ॲपॅरंटली. स्वतः भिजून आला असाल तर काहीच नको: ‘इट रेन्ड.’

११. ‘लिटरली’ सारखं ऐकू येतं. चूक आहे की बरोबर?

हा शब्द मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही, कारण आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आहे. लॅटिनमध्ये ‘लिट्टेरा’ म्हणजे अक्षर. त्यावरून लिटरली, आपलं अक्षरशः. मूळ अर्थ दोन्हींचा एकच: शब्दाला शब्द, जसं म्हटलं तसंच. आणि पुढे दोन्ही शब्द एकाच वाटेने गेले. ‘अक्षरशः घामाने न्हालो’ म्हणणाऱ्याला आपण टोकत नाही. इंग्रजीतही अतिशयोक्तीचा लिटरली १८व्या शतकापासून आहे आणि मोठ्या शब्दकोशांनी तो नोंदवला आहे.

तेव्हा बोलण्यात चूक नाही. लिहिण्यात मात्र जपून. ‘आय लिटरली डाइड’ असं अर्जात किंवा अहवालात नको. आणि जिथे खरोखरच शब्दशः अर्थ हवा, तिथे तो वापरायला कचरू नका: ‘द बस स्टॉप इज लिटरली इन फ्रंट ऑफ द गेट.’

१२. मुलाखतीत ‘टू बी ऑनेस्ट’, ‘फ्रँकली स्पीकिंग’ म्हटलं तर छाप पडते का?

उलटी पडते. हे शब्द इंग्रजीत सूचना देतात: आता जे येणार आहे ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. ‘फ्रँकली, द फूड वॉज बॅड.’ ‘टू बी ऑनेस्ट, आय डिडन्ट अंडरस्टँड द लेसन.’ तिथे ते शोभतात. पण ‘टू बी ऑनेस्ट, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग’ म्हणाल तर ऐकणारा विचारात पडतो, की मग याआधीच्या उत्तरांचं काय? चांगली गोष्ट सरळ सांगा.

जागेनेही अर्थ बदलतो. ‘ही आन्सर्ड ऑनेस्टली’ मध्ये प्रामाणिक तो आहे. ‘ऑनेस्टली, ही आन्सर्ड’ मध्ये प्रामाणिकपणाचा दावा बोलणाऱ्याचा आहे. एका स्वल्पविरामाने प्रामाणिकपणा एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो.

‘आईशप्पथ’ ला इंग्रजीत काय, असंही विचारतात. मित्रांत ‘आय स्वेअर’ चालतं. मुलाखतीत शपथ नकोच.

१३. पत्राच्या शेवटी फेथफुली, सिन्सिअरली की ट्रूली? एसएसएलसीला (कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला) गुण जातात.

पत्राची सुरुवात बघा, शेवट तीच ठरवते. ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ असं नावाशिवाय सुरू केलं असेल तर ‘युअर्स फेथफुली’. नाव घालून, ‘डिअर मिस्टर पाटील’ असं सुरू केलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’. ही ब्रिटिश पद्धत आहे आणि आपल्याकडे शाळेत बहुधा तीच शिकवतात. ‘युअर्स ट्रूली’ अमेरिकेकडची. बोलण्यात तर ‘युअर्स ट्रूली’ म्हणजे ‘अस्मादिक’ असाही अर्थ होतो, तेव्हा परीक्षेत ती नको.

गुण जातात ते बारक्या गोष्टींत. युअर्सचा वाय मोठा, दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान. युअर्समध्ये एसच्या आधी वरचा स्वल्पविराम नाही. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, आणि खाली सही. मामाला किंवा मित्राला पत्र असेल तर यातलं काहीच नको, ‘युअर्स लव्हिंगली’ किंवा शाळेने शिकवलेला घरगुती शेवट घ्या. मुख्याध्यापकांच्या अर्जात ‘युअर्स ओबीडियंटली’ अजून बरेच जण लिहितात. जुना आहे, चूक नाही.

१४. प्रतिज्ञापत्रात ‘सॉलेम्नली अफर्म’ असतं. सही करण्याआधी त्याचा अर्थ काय समजायचा?

हा प्रश्न पालकांकडून येतो आणि तो महत्त्वाचा आहे. सीमाभागात जातीचा दाखला, नावातली दुरुस्ती, शेतीची कागदपत्रं यासाठी इंग्रजी किंवा कन्नड मजकुरावर सही करण्याची वेळ येते. सॉलेम्नली म्हणजे गांभीर्याने, परिणामांची जाणीव ठेवून. अफर्म म्हणजे देवाचं नाव न घेता केलेलं शपथेइतकंच बंधनकारक कथन. देवाची शपथ असेल तर ‘स्वेअर’. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्यांच्या शपथेतही हेच दोन पर्याय आहेत, आणि पुढे ‘फेथफुली अँड कॉन्शिएन्शसली’ म्हणजे निष्ठेने व विवेकाला स्मरून कर्तव्य करीन असं येतं. पत्राच्या शेवटचं फेथफुली आणि हे फेथफुली शब्द म्हणून एकच, वजन मात्र फार वेगळं.

प्रतिज्ञापत्रात शेवटी बहुतेक वेळा ‘ट्रू टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ’ असतं. म्हणजे ‘मला माहीत आहे आणि मी मानतो त्याप्रमाणे खरं’. त्यामुळे जे माहीतच नाही, ते त्या कागदात असेल तर सही करू नका. आधी कुणाकडून तरी वाचून, समजून घ्या. इथे घाई नको, मग समोर कितीही रांग असो.

१५. मेबी एक शब्द की दोन?

दोन्ही, पण वेगळे. एकत्र ‘मेबी’ म्हणजे कदाचित: ‘मेबी ही इज इल.’ तोडून ‘मे बी’ हे क्रियापद: ‘ही मे बी इल.’ त्या जागी परहॅप्स घालून बघा. वाक्य उभं राहिलं तर एकत्र लिहा. उलट ‘इन फॅक्ट’ नेहमी दोन शब्द.

१६. नो डाउट, डाउटलेस, अनडाउटेडली: शंका नाही म्हणजे नाहीच ना?

गंमत अशी की ‘नो डाउट’ मध्ये थोडी शंका असते. ‘नो डाउट ही विल फोन’ म्हणजे ‘करेल तो फोन, माझी कल्पना तशी’. डाउटलेस तसाच. पूर्ण खात्री सांगायची असेल तर अनडाउटेडली किंवा ‘देअर इज नो डाउट दॅट’.

‘नो डाउट’ चं दुसरं काम आपल्याला ओळखीचं आहे: आधी मान्य करायचं, मग ‘पण’ म्हणायचं. ‘द रोड इज गुड, नो डाउट, बट इट इज नॅरो.’ रस्ता चांगला आहे खरा, पण अरुंद.

१७. होपफुली चुकीचं आहे असं जुने शिक्षक सांगतात. वापरू का?

वापरा. होपफुलीचा पहिला अर्थ ‘आशेने’: ‘शी लुक्ड ॲट द लिस्ट होपफुली.’ नंतर तो ‘आशा आहे की’ या अर्थाने वाक्याच्या सुरुवातीला यायला लागला आणि त्यावरून जाणकारांत बरीच वर्षं वाद झाला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१२ मध्ये तो वापर मान्य केला. सर्टनलीने वाक्य सुरू होतं तर होपफुलीने का नाही, हे मला तरी पटतं. परीक्षेत धोका नको असेल तर ‘आय होप’ लिहा.

१८. स्पेलिंग कायम चुकतं. काही युक्ती?

डेफिनेटलीच्या मध्यात ‘फायनाइट’ हा अख्खा शब्द आहे. तो आठवला की मधे ए घालणार नाही. ट्रू मधला शेवटचा ई ट्रूली होताना जातो. सिन्सिअर मधला ई मात्र राहतो, त्याला फक्त एलवाय जोडायचं. प्रॉबेबल आणि पॉसिबल मधला ई जाऊन वाय येतो. रिअलीत एल दोन, कारण रिअलचा एक आणि एलवायचा एक. ॲक्च्युअलीचंही तसंच.

१९. कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थनेत ‘व्हेरिली’ ऐकलं. त्याचा ‘व्हेरी’शी संबंध आहे का?

आहे. व्हेरी हा शब्दच मुळात ‘खरा’ या अर्थाचा. लॅटिन ‘व्हेरुस’, त्यावरून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. व्हेरिफाय म्हणजे खरं आहे का ते तपासणं, तिथे तोच धातू. ‘व्हेरिली, व्हेरिली, आय से अंटू यू’ हे १६११ च्या बायबलमधलं वाक्य, ‘मी तुम्हाला खचीत सांगतो’. आज व्हेरिली बोलण्यात नाही, पण ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे ‘तोच तो माणूस’ यात जुना अर्थ अजून शाबूत आहे.

झालं असं की खरेपणाचा शब्द वापरून वापरून ‘फार’ च्या अर्थाला आला. रिअलीचंही तेच चाललं आहे.

२०. ‘ही इज डेफिनेटली ॲट होम’ हे ‘ही इज ॲट होम’ पेक्षा जास्त पक्कं ना?

वाटतं तसं, पण नाही. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मी हाच मानतो. जो घरी जाऊन त्याला बघून आला तो नुसतं ‘ही इज ॲट होम’ म्हणतो. डेफिनेटली तिथे येतो जिथे कुणीतरी शंका घेतलेली असते किंवा आपण अंदाज बांधत असतो: दिवा चालू आहे, चपला दारात आहेत, ‘ही इज डेफिनेटली ॲट होम.’ ‘ही मस्ट बी ॲट होम’ ही तसंच. ‘मस्ट’ आला म्हणजे पाहिलेलं नाही, तर्क आहे.

म्हणून खात्रीचे शब्द वाक्यागणिक पेरले की वाक्यं पक्की होत नाहीत, पोकळ होतात. निबंधात ‘सर्टनली’, ‘ट्रूली’, ‘रिअली’ एकाच परिच्छेदात दिसले तर दोन काढा आणि त्यांच्या जागी एक माहिती घाला. ‘बेळगाव इज ट्रूली अ हिस्टॉरिक सिटी’ यापेक्षा ‘द काँग्रेस मेट इन बेळगाव इन १९२४, विथ गांधीजी ॲज प्रेसिडेंट’ हे वाक्य वाचणाऱ्याला जास्त पटतं, आणि त्यात खात्रीचा एकही शब्द नाही.

२१. मी वार्तांकन शिकतोय. बातमीत ‘अलेजेडली’, ‘रिपोर्टेडली’, ‘सपोजेडली’ कधी?

हे तिन्ही ‘म्हणे’च्या घरातले, पण अदलाबदल चालत नाही. रिपोर्टेडली म्हणजे तशी माहिती कुठून तरी आलेली आहे: ‘द मिनिस्टर रिपोर्टेडली लेफ्ट फॉर बेंगळुरू.’ अलेजेडली फक्त आरोपासाठी, आणि आरोप कुणीतरी केलेला असला पाहिजे, तक्रारीत, फिर्यादीत किंवा न्यायालयात. शुभकार्याच्या बातमीत अलेजेडली लिहिलं तर त्या माणसाची नाहक बदनामी होते. सपोजेडली मध्ये लिहिणाऱ्याचा अविश्वास डोकावतो, ‘म्हणायला तरी’ असा, म्हणून बातमीत तो शक्यतो नको.

आणि जिथे स्रोत माहीत आहे, तिथे तिन्ही सोडून द्या आणि स्रोतच लिहा. ‘ही अलेजेडली टुक द मनी’ यापेक्षा ‘द कम्प्लेंट सेज ही टुक द मनी’ हे जास्त प्रामाणिक, कारण वाचकाला कळतं की हे कोण म्हणतंय.